पोटाच्या औषधाचं नाव

मी, मनकर्णा बन्सी ओव्हाळ, वय एकाहत्तर, धंदा शेती व पोटातल्या जळजळीचं औषध देणे, राहणार धारूर, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. धाकटा मुलगा अनिल दबाव आणतो, मी दबत नाही.

कलम १. दोन खोल्यांचं घर अनिलला.

कलम २. दीड एकर जमीन निम्मी अनिलची, निम्मी माझी थोरली सून राजश्री, म्हणजे माझा गेलेला थोरला मुलगा, कालकथित जीवन, याची पत्नी, हिची. विहिरीकडची बाजू राजश्रीची. अनिलने तोंड वाकडं केलं तरी तिचीच.

कलम ३. खलबत्ता आणि औषध राजश्रीला. अनिलने मला न विचारता औषध बाटल्यांत भरून विकायला माझ्या फोटोची लेबलं छापून आणली होती. ती मी चुलीत घातली. बरं केलं.

कलम ४. हे औषध माझे सासरे त्रिंबक यांचं. ते सुनेला शिकवायचे नाहीत. मुळ्या ठेचूनच कुटायला माझ्यापुढे टाकायचे, मला ओळखू येऊ नयेत म्हणून. मी चाखून ओळखल्या. त्यांचा दंडक एकच: नाव उच्चारलं की गुण जातो, पुडी देताना जास्त बोलायचं नाही. चाळीस वर्षं मी तो पाळला.

कलम ५. जीवन राजश्रीला घेऊन ऊसतोडीला गेला होता. अंग दुखतं म्हणून उपाशीपोटी गोळ्या खायचा. पोटात आग पडायला लागली. मी दिलेली पुडी संपली तेव्हा त्याचा फोन आला, "आई, लई जळतंय. औषधाचं नाव सांग, इथल्या बाजारात भेटन."

मी म्हणाले, "नाव सांगितल्यावर गुण ऱ्हातो का रं? आइतवारी मीच घिऊन येते." तोंडातून नाव निघेल या भीतीने मी फोन ठेवून दिला.

शनिवारी जीवन गेला. पोटातली जखम फुटली होती. नंतर राजश्री म्हणाली, "आत्या, त्यांना काळी संडास होत होती. तेच सांगायचं होतं त्यांना. तुमी कावून फोन ठिवला?" औषधाने तो वाचला असता असं मी म्हणत नाही. मी ऐकून घेतलं असतं तर दवाखान्यात जा म्हणाले असते.

कलम ६. म्हणून आज दंडक मोडते. औषध असं: शतावरीची मुळी दोन वाटे, कच्च्या बेलफळाचा वाळवलेला गर दोन वाटे, ज्येष्ठमध एक वाटा. कुटून, कापडातून गाळून, चमचाभर थंड दुधात, सकाळी उपाशीपोटी, पंधरा दिवस. पोटाच्या आतली कातडी सोललेली असते, तिला हा लेप होतो. ब्लडप्रेशर असेल त्याला आणि पोटुशीला ज्येष्ठमध द्यायचा नाही. काळी संडास, म्हणजे आत रक्त वाहतंय, किंवा रक्ताची उलटी असेल तर औषधच द्यायचं नाही, त्याच पावली दवाखाना गाठायचा. राजश्रीने आधी हे विचारायचं, माणसाचं बोलणं संपेपर्यंत ऐकायचं, मगच पुडी बांधायची. गुण जायचा असेल तर जाऊ दे.

कलम ७. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं. पहिली तीन कलमं तशी होऊ द्या. सहावं कलम मात्र मी आजच बुद्धविहाराच्या फळ्यावर लिहून आले. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील, प्रत्येक गाडीत त्याचा कागद जाईल. त्या कागदावर खाली माझा फोन नंबर आहे. कोणत्याही वेळी फोन करा. आधी तुम्ही ठेवाल, मगच मी ठेवीन.

लिहून देणार: मनकर्णा बन्सी ओव्हाळ (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. सोमेश्वर गायसमुद्रे (सही)
२. रतनबाई वाव्हळे (अंगठा)

धारूर, १२ ऑक्टोबर २०२५