मावशीचे दात आणि दोन ज

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. (बसूनच घालतेय. खोलीभर गाद्या उभ्या केल्या आहेत, आडवं व्हायला जागा नाही. कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला का, की अजून मुक्कामालाच आहे? मी बरी आहे. जेवते वेळेवर. बरं, जवळजवळ वेळेवर.

तुझं पत्र मिळालं. येत्या गुरुवारी दंतवैद्य तुझे उरलेसुरले सगळे दात काढणार, ही ओळ मी दोनदा वाचली. वर तू लिहितेस, दुखत नाहीत, नुसते हलतात, एकदाची ब्याद जाऊ दे. ब्याद? अगं, त्या दातांवर माझा अख्खा प्रबंध लटकलाय!

तीन वर्षं मी शिकते तरी काय, असं तू दर पत्रात विचारतेस. तर ऐक. आपण ज लिहितो एकच, पण बोलतो दोन. 'जेवण' म्हणताना जीभ टाळूला लागते, 'जावई' म्हणताना दातांच्या मागे. म्हणून बघ, मी थांबते. (काकांनाही म्हणायला लाव. हसले तर सोड.) आता माणसाचे दातच गेले की या दुसऱ्या ज ने जायचं कुठे, एवढाच माझा विषय.

त्यापायी चोवीस आजी-आजोबा गोळा केले. बाहेरचा आवाज नको म्हणून गाद्यांच्या कोंडाळ्यात बसवले, पंखा बंद, फ्रीज बंद, खिडकीत उशा. सगळे घामाघूम. हातात शब्दांची यादी दिली आणि तिथेच माती खाल्ली. यादीत मी नुसतं 'जग' लिहिलं होतं. मला हवा होता 'सुखाने जग' मधला, दातांचा. पण तेवीस जणांनी वाचला 'सारं जग' मधला, टाळूचा. चोविसावे आमच्या गल्लीतले शिंपीकाका. त्यांनी तर पाण्याचा जग समजून वर विचारलं, आहे का, घसा कोरडा पडलाय. माझ्या मार्गदर्शक बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "चोवीस माणसं, आणि जगायला एकही तयार नाही?"

पुन्हा बोलावलं तर नऊच आले. (शिंपीकाका घरून पाण्याचा जग घेऊन आले. गुणी माणूस.) आता बाईंचं म्हणणं, एकाच माणसाचं बोलणं दात असताना आणि दात गेल्यावर, असं दोन्ही हवं, तेही महिनाअखेर, नाहीतर ते प्रकरण गाळा. असं माणूस मी आणू कुठून, म्हणून कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात तुझं पत्र आलं.

तेव्हा शनिवारी मी येतेय. तुझी विचारपूस करायला, दुसरं काही नाही.

तुझी,
भाची

ता. क. सोबत आवाज टिपायचं मशीन आणतेय. गुरुवार पुढे ढकल ना गं! यादी नाही वाचायची. मशीन दिसलं की माणसं छापील बोलतात. तू आपली मला रागव, तासभर तरी, सवयीने जमेल.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच बाईंचा निरोप आला: नात्यातलं माणूस चालणार नाही. म्हणजे प्रबंधाला तुझे दात आता काही उपयोगाचे नाहीत. तरी मी येतेय.

ता. क. ३. चिडू नकोस. वर 'पुढे ढकल' लिहिलं ते उगाच, गुरुवारची वेळ मी कालच बदलून घेतली. दंतवैद्याच्या दवाखान्यात फोन केला आणि तुझ्या आवाजात बोलले. ज, च, मधला तो सुस्कारा, सगळं हुबेहूब. फोनवरची बाई म्हणाली, बरं आजी, पुढच्या गुरुवारी या. तीन वर्षांच्या शिक्षणाचा हा पहिला उपयोग. फोन ठेवला आणि मला रडूच कोसळलं, मावशी. तुझा आवाज माझ्याच घशातून आला, आणि ओ द्यायला तू नव्हतीस. मला तो येऊन उपयोग काय? मला तुझ्या तोंडून हवाय. दात असोत, नसोत.