मँगोस्टीनची सात फळं

१४ जून, सकाळी १०.४०
बरोबर याच वेळेला तोडलं! माझं मँगोस्टीन! वेळ वॉचमनने सांगितली. मी दवाखान्यात होते, डाव्या हाताचं प्लास्टर दाखवायला. परत आले तर सोसायटीच्या फाटकाशी ओंडके. बुंध्यातून पिवळा चीक अजून गळत होता.

पावसाळी जंगलातलं झाड, वाढतं मुंगीच्या पावलांनी. चौदा वर्षं थांबले. यंदा पहिल्यांदा फळं धरली – सात. सात!

सेक्रेटरी म्हणतो, "मॅडम, कमिटीचा निर्णय आहे." कमिटी म्हणजे तो आणि त्याचा मेव्हणा.

शाळेत सिस्टर सांगायच्या, रागात लिहू नये. मग कधी लिहायचं?

१५ जून
ओंडक्यांत फळं शोधली. पाच सापडली. हिरवी, सुपारीएवढी. या फळाच्या बुडाशी जितक्या पाकळ्या, आत तितक्या फोडी. एकाला सहा. आता मोजून काय करू, कपाळ!

ह्यांना दाखवली. "जाऊ दे ना गं," म्हणाले आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं. वर्तमानपत्र कालचं होतं.

१६ जून
एकतीस वर्षं ऑफिसात आवक-जावक सांभाळली. कुणीतरी अर्ज केल्याशिवाय कमिटी हलत नाही, हे मला नका शिकवू. सेक्रेटरीला विचारलं, "अर्ज कुणाचा?"
"राहू द्या ना, काकू."
परवा मॅडम, आज काकू! म्हटलं, अर्ज दाखवा, नाहीतर रोज सकाळी सहाला तुमची बेल वाजवीन.

वरच्या मजल्यावरची म्हणते, "फळांना पिशव्या बांधायला स्टुलावर चढलात, हात मोडून घेतलात. गेलं ते बरंच झालं." माणसं जिन्यावरूनही पडतात. जिना तोडतात का?

१७ जून
बेल वाजवली.

१८ जून
पुन्हा वाजवली. सेक्रेटरीने डोळे चोळत अर्ज आणून दिला. "काकू, तुम्हाला दाखवू नका म्हणाले होते."

"विषय : झाड काढून टाकणेबाबत." समास सोडलेला, तारीख, खाली सही. बिनचूक. मीच शिकवलेला नमुना. कारण – "पत्नी पुन्हा चढेल. ऐकणार नाही."

अक्षर ह्यांचं. दवाखान्याची साडेदहाची वेळही ह्यांनीच घेतली होती.

१८ जून, दुपार
ह्यांच्या चहाच्या कपाखाली कागद लिहून ठेवला : तुमचा अर्ज वाचला. मला का विचारलं नाही, याचा लेखी खुलासा रविवारी संध्याकाळी सहाच्या आत द्यावा. तोंडी चालणार नाही – तोंडी मी विरघळते.