तिची रेघ

४ मार्च
धाकटीला रेघ मिळाली. सहा वर्षं मी जिच्यामागे आहे, तीच. सर तिचा आलेख घेऊन सगळ्या मजल्यावर हिंडले. मला म्हणाले, "बघ, बहिणीने नाव काढलं." या प्रयोगशाळेत तिला आणलं कोणी? मीच!

५ मार्च
आहे काय त्या रेघेत? अर्धवाहकाच्या अतिपातळ थरावर प्रकाश टाकला की इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉनने मागे सोडलेली रिकामी जागा, यांची जोडी जमते. तिला आणखी एक इलेक्ट्रॉन चिकटला की मूळ रेघेशेजारी दुसरी बारीक रेघ उमटते. आमच्या थरात मँगनीज, ते चुंबकाचा परिणाम कैकपटीने वाढवतं — म्हणून चुंबकाचा जोर वाढवला की हा तिसरा सुटतो, रेघ विझते. माझी दरवेळी विझली. तिची विझतच नाही.

६ मार्च
आईचा फोन. अर्धा तास धाकटीचं कौतुक. शेवटी, "तुझं काय चाललंय?" म्हटलं, चाललंय.

१० मार्च
नमुना बदलायला गोठवणारं यंत्र उघडलं. थर्मामीटर तांब्याच्या ठोकळ्यावरून सुटून लोंबत होता. म्हणजे धाकटीने मोजलं तेव्हा तो नुसती भोवतालची थंडी मोजत होता — तिचा नमुना बराच गरम. गरम नमुन्यात मँगनीजचा जोर कमी पडतो. मग रेघ विझणार कशी?
मला हसू आलं. हो, आलं.
थर्मामीटर टेपने पुन्हा घट्ट बसवला. झाकण लावलं. कोणाला काही बोलले नाही.

११ मार्च
परिषदेत धाकटी बोलणार. सर म्हणाले, "तिच्या आकृत्यांवरून एकदा नजर फिरव." फिरवली. छान आहेत म्हटलं.

१४ मार्च
तिने खात्रीसाठी पुन्हा मोजलं. रेघ विझली. दिवसभर यंत्रासमोर बसून होती, डबा तसाच. "ताई, माझंच काही चुकलं असेल का गं?"
"असेल," मी म्हणाले.

१५ मार्च
सरांना फोन लावला. त्यांनी उचलायच्या आत ठेवला.

१७ मार्च
सरांना सगळं सांगितलं. थर्मामीटर, टेप, माझं गप्प बसणं. ते म्हणाले, "थर्मामीटरचं बहिणीने परवाच सांगितलं. स्वतःच सैल लावला होता म्हणाली. परिषदेतून नाव काढून घेतलंय. तुझा विषयही निघाला नाही."

१८ मार्च
तिला विचारलं, तुला कळलं कसं?
ती कपडे वाळत घालत होती. वळलीही नाही. "शाळेत माझ्या वह्यांना कव्हरं कोण घालायचं? थर्मामीटरवरची तुझी टेप मी ओळखणार नाही?"