छत्रीची मारामारी

३ मार्च
वाचनालयाच्या फिल्म क्लबात तो जुना कुंगफू सिनेमा दाखवणार आहेत. सिनेमाआधी दहा मिनिटं मी बोलायचं. सेक्रेटरींनी आधी ताईला विचारलं होतं, हे मागाहून कळलं. धाकटीला द्या, तिला हौस आहे, असं ती म्हणाली म्हणे. हौस! अभ्यास आहे माझा. बोर्डिंगात असताना दोघींनी मिळून पाहिला. ताईने हिरो पाहिला. दिग्दर्शन मी पाहिलं.
ठराव : रोज सकाळी कुंगफूतली घोड्याची बैठक. गुडघे वाकलेले, पाठ ताठ.

४ मार्च
बैठक घेतली. उठता येईना. ह्यांनी चहा तिथेच आणून दिला आणि मुक्काम किती दिवसांचा, असं विचारलं. असल्या माणसाबरोबर संसार केला.

७ मार्च
भाषण तयार. मुख्य मुद्दा, शेवटची मारामारी. म्हातारी गुरुमाता एका छत्रीने बारा जणांना लोळवते, आणि आवाज म्हणून नाही! ना किंकाळी, ना ठोसा. शिवाय सगळं एका गजांच्या खिडकीतून दिसतं. गुरुमाता मध्येच चौकटीबाहेर जाते, पुन्हा येते. काय ती नजर! झाडांवरच्या लढाया, हवेतल्या उड्या, संथ लाथा, पुढच्यांनी जे जे केलं ते सगळं इथून उचललं. कबूल कोण करतो?
बैठक उद्यापासून.

९ मार्च
ताईचा फोन. त्यात छत्री नाहीच, म्हणाली. हिरो एकटा लढतो आणि ओरडून ओरडून कान किटवतो. पुढच्यांनी उचललं ते गुरूचा सूड घेणारा शिष्य आणि बादल्या घेऊन पायऱ्या चढणं. मी म्हटलं, वय झालं तुझं. ती म्हणाली, तुझ्यापेक्षा तीनच वर्षं जास्त गं. फोन आपटला. मोबाइल आपटायचा नसतो, हे काचेला तडा गेल्यावर लक्षात आलं.
ठराव : भर सभेत, नाव न घेता, तिचं नाक कापायचं.

१२ मार्च
स्टेजवर छत्रीचं प्रात्यक्षिक दाखवणार होते. घरी सराव केला. दिवाणखान्यातला दिवा गेला. दिवा मुळातच चुकीच्या जागी होता. प्रात्यक्षिक रद्द, विषयाचं गांभीर्य राखण्यासाठी.

१५ मार्च, दुपारी
भाषण अप्रतिम. काहींना छत्री आठवत नाही, स्मरणशक्तीला अभ्यासाची जोड लागते, असं म्हणून पहिल्या रांगेकडे पाहिलं. ताई चष्मा पुसत होती. पुस म्हटलं, आता दिसेलच.

१५ मार्च, संध्याकाळी
छत्री नाही. खिडकी नाही. गुरुमाता तर नाहीच. आणि हिरो असा किंचाळतो की मागच्या आजोबांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं.
दिवे लागल्यावर मी सांगितलं की प्रत कापलेली आहे. सेक्रेटरी म्हणाले, बाई, पूर्ण आहे. लोक हसले. एवढ्यात ताई उठली. मेले, म्हटलं. ताई म्हणाली, छत्रीचा सीन होता, मी स्वतः पाहिलाय. हसणं थांबलं.
बाहेर पायऱ्यांवर तिला गाठलं. खोटं का बोललीस? ती म्हणाली, खोटं कुठे? तुला गालफुगी झाली होती, वेडे. सगळ्या जणी सिनेमाला गेल्या आणि तू सिकरूममध्ये बंद. रडून गोंधळ घातला होतास. मग परत आल्यावर मी तुझ्या खिडकीखाली सगळा सिनेमा करून दाखवला. शेवटी तू हसेनास, म्हणून सिस्टरची छत्री पळवली.
आणि ते बारा जण?
कुंड्या, म्हणाली. नऊ फुटल्या. आठवडाभर व्हरांडा पुसला मी.
मी पायरीवर बसले. गुडघा दुखत होता.

१६ मार्च
ठराव : भाषणातला मुद्दा कायम ठेवायचा. दिग्दर्शकाचं नाव फक्त बदलायचं.
ताईला फोन केला. म्हटलं, ते असू दे, पण आवाज काढून टाकायची युक्ती थोरच होती.
ती म्हणाली, कसली युक्ती? घसा बसेपर्यंत ओरडत होते मी. खिडकीच्या बंद काचेआड तू होतीस.