आईच्या काचपेटीतली बुरशी

१४ एप्रिल २००१, शनिवार
पेटीत पुन्हा बुरशी. मातीवर पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी. परवाच चमच्यानं सगळी खरवडून काढलती. डोकं फिरलं.
मासे मेल्यावर आईनं त्या काचेच्या पेटीत लामता गावच्या नाल्यावरचा नेचा आणून लावला. बालाघाटच्या उन्हात अंगणात काही टिकत नाही, हा आत टिकला. जानेवारीत आई गेली. तिच्यामागं महिन्याभरात तुळस वाळली. तिच्या हातचं आता हे एकच झाड जिवंत, अन् तेही माझ्या हातून मरून राह्यलं.

१६, सोमवार
आता चिलटं. झाकण उचललं की नाकातोंडात. म्हणजे माती ओली राहून राह्यली. पण मी तर आठवडाभर थेंब नाही घातला. बंद पेटीले लागतंच किती.
बाबांना विचारलं, तुम्ही घालता का?
"नाही बा. मी काहून पाणी घालू?" पेपरातून मान वर नाही.

१८, बुधवार
सुहासदादाचा नागपूरहून फोन. म्हणे पानामागं पाहा. पाह्यलं, तपकिरी ठिपके. "किडेच ते. औषध मार, नाही तर फेक ते डबडं. किती दिवस रडशील आईच्या नावानं?" फोन आपटला. आई आजारी होती तेव्हा तोंड दाखवून गेला, आता सल्ले.
मग भिंग घेऊन बसली. ठिपके शिरेच्या दोन्ही बाजूनं, सारख्या अंतरावर. नखानं खरवडलं तर नुसती भुकटी. किडे असे रांगेत बसत नाही. ते नेच्याचं बी. औषध मारलं असतं म्हणजे? मूर्ख कुठला.

२१, शनिवार
मुंग्या. लाल. झाकणबंद पेटीत यांचं काय काम? गोडाशिवाय येत नाही त्या. बोटावर माती घेतली, वास घेतला. नासलेलं दूध.
कोर्टात दिवसभर टायपिंग करताना तोच वास नाकात. घरात आम्ही दोघंच.

२२, रविवार
सकाळी पडद्यामागं उभी राह्यली. बाबा पूजेवरून उठले, हातात ताम्हन. झाकण सरकवलं अन् देवाच्या आंघोळीचं पाणी, दूध-साखरेसकट, नेच्याच्या बुडाशी. हात सरावलेला.
खूप बोलली मी. आधी खोटं काहून बोलले ते.
"खोटं काय? हे तीर्थ आहे, पाणी नोहे. तुळस नाही, मग काय नालीत फेकू? लोकांच्या पायाखाली येऊ देऊ?"
म्हटलं, तुमच्या तीर्थानंच आईचं झाड सडलं.
"तुयी आईही रोज झाडालेच घालत होती."
तुळशीले घालत होती. उघड्यावर. तिले कळत होतं. तुळसही तुम्हीच मारली असन.
हे शेवटचं बोलायले नको होतं असं वाटलं नाही. अजूनही वाटून नाही राह्यलं.

२४, मंगळवार
वरची माती काढली. सडकी पानं कापली. वाळू पसरली, झाकण अर्धं उघडं. मधले कोंब अजून हिरवे. भाजीत मीठ नव्हतं, तेही कोणी बोललं नाही.

२७, शुक्र.
चिलटं कमी. बुरशी नाही. एक नवा कोंब, मुठीसारखा वळलेला. दादाले सांगणार नाही.
मग देवघरात लक्ष गेलं. देवांवर रविवारचीच फुलं, वाळून काळी. ताम्हन पालथं. विचारलं तर म्हणे, "पाणी टाकायले जागा नाही. जागा सांग, मग धुतो देव."
असा संताप आला. देवांना वेठीला धरून माझ्यावर रुसतात, या वयात.

२९, रविवार
बाजारातून तुळशीचं रोप आणून पुढ्यात ठेवलं. घ्या जागा.
वृंदावनात आईच्या तुळशीची वाळकी काडी तशीच उभी. आधी ती उपटावी लागन. बाबा म्हणे, "आज रविवार. तुळशीले हात लावत नाही."

३०, सोमवार
आज रविवार नाही. म्हटलं, उपटा.
"तू उपट."
मी पेटी पुसत बसली. रोप बादलीत. देव पारोसे.