केलन व्होंड्राची कच्ची बाजू

शनिवार, ६ सप्टेंबर. संध्याकाळी.
सीझनचा पहिला सामना. जिंकलो. मला समाधान नाही.
आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा नवा क्वार्टरबॅक, म्हणजे हाताने पास फेकणारा, केलन व्होंड्रा. उंच, खांदे कपाटाएवढे, वागणूक चांगली. जवळचे पास झटपट आणि अचूक. चेंडू हातातून सुटतो तो स्वतःभोवती फिरत, सरळ. इथवर तक्रार नाही. पण लांबचे पास? स्कोअरबोर्डच्या टोकाकडे खेळताना डावीकडचे लांब पास सातपैकी एक. तो एकही नॉर्बर्टने शपथ घेतली म्हणून मोजला.
नॉर्बर्ट माझा नवरा. शेजारी बसून दर पासला "पकडला गं" म्हणतो. जन्माचा भोळा.
संकल्प: या वर्षी पंचांवर ओरडायचं नाही. सामन्याला एकच ब्राटवुर्स्ट सॉसेज.
(पंचांचं पुढच्या शनिवारपासून. आजचा पंच अपवाद होता.)

सोमवार, ८ सप्टेंबर.
चर्चच्या तळघरात टीमच्या चाहत्यांच्या क्लबचं जेवण. चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि दालचिनीचे गोड सिनॅमन रोल. चिली पातळ.
स्टेडियमच्या एकतीस नंबरच्या रांगेत बसून बावीस वर्षं मी आमच्या कॉलेजच्या प्रत्येक पासची नोंद ठेवते. किती लांब, कुठल्या बाजूला, पकडला की पडला. ती क्लबच्या पत्रकात छापतात. चौतीस वर्षं भूमिती शिकवल्याचा आता एवढाच उपयोग उरला आहे.
आज क्लबचा अध्यक्ष ड्वेन जवळ येऊन हळूच म्हणाला, मिसेस क्लॉस्टरमन, पेपरात एकवीस पास पकडले म्हणतात, तुमच्याकडे बाराच. मी म्हटलं, मग पेपरला कळव. तो म्हणाला, माझा जावई हे सगळं कॉम्प्युटरवर करतो, तुम्हाला तेवढाच आराम. मी म्हटलं, ड्वेन, नववीत तुला काटकोन ओळखता येत नव्हता, तेव्हा मी आराम मागितला होता का?
हसला. पण जाताना म्हणाला, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आकडे जुळले नाहीत तर नोंद जावयाकडे.
बघू.

शनिवार, १३ सप्टेंबर.
मोठा शोध. पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पाव भाग, संपला, टीमने टोक बदललं, आता दुसऱ्या टोकामागे दिसणाऱ्या चर्चच्या दिशेने खेळायला लागले. आणि व्होंड्रा डावीकडे एकदम उत्तम. उजवीकडे शून्य. म्हणजे स्कोअरबोर्डकडे तोंड असताना डावी बाजू कच्ची, चर्चकडे तोंड असताना उजवी.
असा क्वार्टरबॅक मी जन्मात पाहिला नाही. कारण मानसिक असावं. चर्च समोर दिसलं की माणसाला बरंच काही आठवतं. शाळेत सिस्टर अँब्रोज या ननच्या वर्गात माझंही असंच व्हायचं.
तीन पास मी "पडला" लिहिले तेव्हा भोवतीचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आजकाल लोक कशालाही टाळ्या वाजवतात.
ब्राटवुर्स्ट दोन. दुसरं नॉर्बर्टचं होतं, त्याने अर्धं टाकलं.

बुधवार, १७ सप्टेंबर.
गाडी मागे घेताना आमचीच टपालपेटी पाडली. नॉर्बर्टने ती राखाडी रंगवली होती. संध्याकाळही राखाडी. चूक रंगाची.

शनिवार, २७ सप्टेंबर.
नवी दुर्बीण आणली. भिकार माल. सगळं धुक्यातून दिसतं. परत केली. दुकानातली बाई म्हणाली, मला तर स्वच्छ दिसतंय. तिला काय, तिला विकायची होती.
व्होंड्रा: कच्च्या बाजूला नऊपैकी एक.
पंचांवर ओरडले नाही. पंच नेमका कुठे उभा होता ते कळलंच नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर.
अ‍ॅनेटचा फोन. मुलगी म्हणून चांगली आहे, पण टपालपेटीची बातमी तिला बापाने दिली. म्हणते, आई, डोळे तपासून घे. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांना काय झालंय, नोंद बघ किती बारीक लिहिते. ती म्हणाली, तेच म्हणतेय, गेल्या पत्रातलं मला वाचता आलं नाही.
मोठं अक्षर काढायचं, हा नवा संकल्प. डोळ्यांचं बघू सीझन संपल्यावर.

शनिवार, १८ ऑक्टोबर.
सहा सामन्यांचा अहवाल तयार. अकरा पानं. "केलन व्होंड्रा: बलस्थानं आणि मर्यादा." शिफारस अशी: त्याला कच्च्या बाजूला लांब फेकू देऊ नये, निदान चर्चकडे तोंड असताना तरी. परवा जेवणाला कोच डीटमन असणार, सगळ्यांसमोर वाचणार. नोंद माझ्याकडे राहील की जावयाकडे, याचा निकाल तिथेच लागेल.
दमले आहे. पण लोकांना सांगायला कोणीतरी हवंच.

सोमवार, २० ऑक्टोबर.
लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.
वाचलं. कोच चमचा चिलीत फिरवत बसला. ड्वेन छताकडे बघत होता. मला ठाऊक नव्हतं की व्होंड्रा स्वतः आला आहे. मागच्या टेबलावर, समोर तीन सिनॅमन रोल. तो उठला आणि अगदी अदबीने म्हणाला, मिसेस क्लॉस्टरमन, तुम्ही बसता कुठे?
मी म्हटलं, एकतिसावी रांग, आपल्याच बाजूला, मधोमध, बावीस वर्षं.
त्याने कागदी रुमालावर मैदान काढलं. आयत बरा काढला होता. मग दोन बाण. म्हणाला, हा मी स्कोअरबोर्डकडे जातोय, ही माझी डावी. हा मी चर्चकडे जातोय, ही माझी उजवी. आणि दोन्ही ठिकाणी त्याने एकच रेघ गिरवली. म्हणाला, मॅडम, या दोन बाजू नाहीत. ही एकच आहे. तुमच्यापासून लांबची.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मग तो म्हणाला, माझ्या आईला तुम्ही भूमिती शिकवली. अजून सांगते, उत्तर आलं तरी आकृती काढून तपासा, असं तुम्ही म्हणायचात.
म्हणायचे. सहा आठवड्यांत मी एकही आकृती काढली नाही.
घरी येताना गाडी नॉर्बर्टने चालवली. किल्ली मी आपणहून दिली, असं त्याला वाटू दिलं.

बुधवार, २२ ऑक्टोबर.
कॉलेजला पत्र लिहिलं: मैदानाच्या पलीकडच्या बाजूचं गवत फिकट झालं आहे, तपासावं.
नॉर्बर्टला टाकायला दिलं. संध्याकाळी त्याच्या कोटाच्या खिशात सापडलं. होतं तिथेच परत ठेवलं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर.
डोळ्यांचा डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणाला, इतके दिवस कसं चालवलंत? मी म्हटलं, सवय. उजवा आधी, डावा डिसेंबरात.
ड्वेनचा फोन. पुढच्या सामन्यापासून नोंद जावई करेल. तुमचं नाव पत्रकात राहील, म्हणाला, आभारांच्या यादीत. मी म्हटलं, यादीत कितवं? तो म्हणाला, आडनावाच्या अक्षरानुसार.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.
ऑपरेशन झालं. सांगायला काही नाही. स्वयंपाकघराच्या भिंती पिवळ्या आहेत. इतकी वर्षं मला त्या बदामी वाटत होत्या.

शनिवार, १५ नोव्हेंबर. सामन्यानंतर.
शेवटचा सामना. उजव्या डोळ्याने सगळं दिसतं. पलीकडच्या खेळाडूंचे नंबर दिसतात. नॉर्बर्टच्या कानातले केसही दिसतात.
व्होंड्रा पलीकडे सुंदर फेकतो. मी सहा आठवडे त्या पोराला जे दिलं नाही, ते आज कबूल केलं. पण मध्यंतराच्या आधी काहीतरी खटकलं. पुन्हा बघितलं. पास फेकायच्या आधी तो ज्याच्याकडे फेकणार त्याच्याकडे टक लावून बघतो. दर वेळी. मान हलतच नाही. चारदा तपासलं. नॅपकिनवर आकृतीसुद्धा काढली.
दोन रांगा खाली ड्वेन आणि जावई कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसले होते. खाली जाऊन सांगितलं. म्हटलं, समोरच्यांच्या बारा नंबरला हे कळलंय, तो आता तिथेच जाऊन उभा राहतोय, कोचला सांग. जावयाने वर बघितलंच नाही. ड्वेन गोड हसला आणि म्हणाला, कुठल्या डोळ्याने दिसलं, मिसेस क्लॉस्टरमन?
वर येऊन बसले.
शेवटची दीड मिनिटं, आपण तीन गुणांनी मागे. व्होंड्राने पलीकडे बघितलं, बघतच राहिला, आणि फेकला. चेंडू छान फिरत गेला. समोरच्यांचा बारा नंबर तिथे आधीच उभा होता.
नॉर्बर्ट या वेळी काही बोलला नाही. मीच म्हटलं, पकडला.