जपानच्या घोंगड्या

९ सप्टेंबर १९२३
जपानात धरणीकंप! पुण्याहून वर्तमानपत्र आलं नि ह्यांचा चहा निवून गेला. शहरंच्या शहरं जळाली म्हणे. वाचून माझंही काळीज हललं. हे मात्र ताडकन उठले — पंचायतीचे सरपंच ना! "आपल्या गावानंही काही पाठवलं पाहिजे." मग शाळेत जाऊन नकाशात जपान कुठं आहे ते पाहून आले.

१६ सप्टेंबर
चावडीवर सभा. शाळेच्या कौलांसाठी ठेवलेल्या पैशातून घोंगड्या घ्यायच्या आणि जपानला धाडायच्या, हा ह्यांचा पक्ष. विरुद्ध पक्ष सावळाराम दुकानदाराचा. "शाळा गळतीया हितं, आन् घोंगड्या जपानला? आदी आपली मानसं बगा." बोलला रास्त. पण हे पूर्व म्हणाले की तो पश्चिम म्हणतो, हे सगळ्यांना ठाऊक. शेवटी ह्यांच्या बाजूनं एक हात जास्त निघाला. तो म्हादूचा. डुलकी घेत होता, शेजाऱ्यानं वर करून दिला.

२३ सप्टेंबर
घोंगड्या आल्या, वरच्या धनगरवाड्यावरून. लोकर कातली सारजाबाईच्या सुनांनी. सारजाबाई म्हणजे आमची सुईण, गावातली निम्मी पोरं तिच्या हातची.

नुसतं पाठवून पुण्य कसं लागणार? म्हणून भटजी आले. ढिगावर उदक सोडलं. "यजमानीणबाई, हात लावा." बायकोचा हात लागल्याशिवाय दान पुरं होत नाही. मी ह्यांच्या हाताला हात लावला. ढीग आमच्या माजघरात. जपानला पाठवायचा कसा, हे कुणालाच माहीत नाही.

३ ऑक्टोबर
हस्ताच्या पावसात धनगरवाड्यावर दरड कोसळली. माणसं वाचली. खोपटं नि मेंढरं गेली. सगळे आता देवळाच्या ओवरीत. सारजाबाईचा तान्हा नातू ओल्या लुगड्यात गुंडाळलेला, अंग तापलेलं. रडतही नव्हता. मला पाहवेना.

घरी येऊन म्हटलं, घोंगड्या द्या त्यांना. "अगं, उदक सोडलंय! दिलेलं दान परत घेतलं तर पुढचा जन्म कुत्र्याचा."

७ ऑक्टोबर
पुन्हा सभा. वाटलं, सावळाराम तरी 'आधी आपली माणसं' म्हणेल. छे! "घोंगड्या आता जपानच्या. सरपंचास्नी वाटू देनार न्हाई." वाटायचा मान ह्यांना मिळाला असता ना! दोन्ही पक्षांचं पहिल्यांदा एकमत झालं. पोर गेलं तरी चालेल, ठराव मोडायला नको. असा संताप आला!

८ ऑक्टोबर
पोर आता खोकतंय.

१० ऑक्टोबर
चावडीवर गेले. दारातूनच सांगितलं — उदक सोडलं त्या दिवशी मी बाहेरची होते. लपवलं. तसाच हात लावला.

सगळे मागं सरकले. भटजींनी कपाळाला हात लावला. "लोकरीला विटाळ नाही, पण संकल्प वाया गेला. हे दान झालंच नाही." म्हणजे घोंगड्या पंचायतीच्याच! सावळाराम उठला. "म्या पयल्यापास्नं म्हनतोय, आदी आपली मानसं." संध्याकाळच्या आत ढीग ओवरीत पोचला.

मला प्रायश्चित्त. ह्यांनी बोलणं टाकलंय.

१३ ऑक्टोबर
सारजाबाई आली. पोराचा ताप उतरला. ओसरीवर टेकली नि माझ्याकडं बघतच राहिली.

"बाई, तिसरा म्हैना हाय तुमाला. तुमी भाईरच्या कशा व्हाल?"

दोनदा निसटलं, म्हणून या खेपेला कुणालाच सांगितलं नव्हतं. या पानालाही नाही. ह्यांना जपानचे हादरे तोंडपाठ, पण बायको कधीची बाजूला बसली नाही, याचा पत्ता नाही. मला रडूच आलं.

तिनं काखेतली घोंगडी माझ्यापुढं ठेवली. "ही तुमच्या बाळंतपनाला. आन् गाव बोटांवर म्हैने मोजाया लागलं, तर म्या सांगीन — सातव्यातच झालं."